एलियट जॉस्लिन

एलियट प्रॉक्टर जॉस्लिन (६ जून १८६९ – २८ जानेवारी १९६२) हे अमेरिकेतील बॉस्टन शहरातील वैद्यकतज्ज्ञ, अध्यापक आणि मधुमेहाचे संशोधक होते. केवळ मधुमेहाच्या उपचारांना वाहून घेतलेले अमेरिकेतील पहिले डॉक्टर म्हणून त्यांची ओळख आहे. मधुमेहाचे संशोधन व उपचार यांसाठी जगभर प्रसिद्ध असलेले बॉस्टनचे जॉस्लिन मधुमेह केंद्र त्यांच्या खाजगी वैद्यकीय व्यवसायातून उभे राहिले.

जॉस्लिन यांच्या नावावर कोणत्याही औषधाचा शोध नाही. प्रत्येक रुग्णाची नोंद आयुष्यभर ठेवणे, रुग्णाला त्याच्या आजाराचे रीतसर शिक्षण देणे आणि वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर, परिचारिका व संशोधक यांना एकाच छत्राखाली कामाला लावणे ही त्यांच्या कार्याची तीन सूत्रे होती. मधुमेह पूर्णपणे बरा होत नसला तरी तो काबूत ठेवता येतो आणि काबूत ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची हानी टाळता येते, असे मत त्यांनी आयुष्यभर मांडले. त्यांच्या हयातीत हे मत वादग्रस्त होते. त्यांच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी एका मोठ्या चाचणीने त्याला भक्कम पुरावा मिळवून दिला.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

जॉस्लिन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑक्सफर्ड या लहान गावी एका सधन कुटुंबात झाला. त्यांचे वडील ॲलन जॉस्लिन हे पादत्राणांचे कारखानदार होते. येल महाविद्यालयातून १८९० मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी तेथेच काही काळ शरीरक्रिया-रसायनशास्त्राचा अभ्यास केला. १८९५ मध्ये ते हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातून डॉक्टर झाले.

विद्यार्थिदशेतच त्यांचे लक्ष मधुमेहाकडे वळले. १८८९ मध्ये जर्मनीत योसेफ फॉन मेरिंग व ओस्कार मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्याला मधुमेह होतो, असे दाखवून दिले होते. त्यामुळे या रोगाचे मूळ कोठे शोधावे, याची दिशा मिळाली होती. परंतु रुग्णाला देण्याजोगे औषध मात्र कोणाकडेच नव्हते. पुढील शिक्षणासाठी जॉस्लिन युरोपात गेले. तेथे स्ट्रासबर्ग येथील बर्नहार्ड नाउनिन यांच्या कामाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. मधुमेही रुग्णाच्या आहारावर कडक नियंत्रण ठेवणारे डॉक्टर म्हणून नाउनिन त्या काळी ख्यातनाम होते.

जॉस्लिन यांनी १८९८ मध्ये बॉस्टन येथे वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. १९०२ मध्ये एलिझाबेथ डेनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली. त्यांपैकी ॲलन जॉस्लिन हेही पुढे मधुमेहतज्ज्ञ होऊन वडिलांच्या कामात सहभागी झाले.

नोंदवह्या

व्यवसाय सुरू केला त्याच वर्षी जॉस्लिन यांनी आपले गुरू रेजिनाल्ड फिट्झ यांच्यासमवेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १८२४ पासून दाखल झालेल्या सर्व मधुमेही रुग्णांची कागदपत्रे त्यासाठी तपासण्यात आली होती. जवळपास पाऊणशे वर्षांच्या काळात अशा रुग्णांची संख्या केवळ १७२ भरली. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर या रुग्णांचे पुढे काय झाले, हे जुन्या कागदपत्रांवरून कळण्यास मार्ग नव्हता. मधुमेह हा वर्षानुवर्षे चालणारा आजार असल्याने, रुग्णालयातील काही दिवसांच्या नोंदीवरून त्याचा खरा स्वभाव उमगत नाही, ही या अभ्यासातून पुढे आलेली मुख्य अडचण होती.

जॉस्लिन यांनी आपल्या व्यवसायात ही उणीव भरून काढली. त्यांनी मधुमेही रुग्णांसाठी स्वतंत्र नोंदवही घातली. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी विद्यार्थी असताना १८९३ मध्ये पाहिलेल्या एका तरुण आयरिश मोलकरणीची नोंद आहे. त्यापुढे प्रत्येक नव्या रुग्णाला क्रमांक मिळत गेला. वय, वजन, रोगाची सुरुवात, घराण्यातील मधुमेहाचा इतिहास, लघवीतील साखर, पथ्य आणि त्याचा परिणाम यांची माहिती नोंदवली जाऊ लागली. रुग्ण येईनासा झाला तरी त्याची नोंद बंद होत नसे. त्याला, त्याच्या कुटुंबीयांना किंवा गावच्या डॉक्टरला पत्र पाठवून प्रकृतीची चौकशी केली जाई. मृत्यू झाला असल्यास त्याची तारीख व कारण मिळवून लिहिले जाई. या नोंदवह्यांचे पुढे अनेक खंड झाले. शासकीय यंत्रणेबाहेर मधुमेही रुग्णांच्या नोंदींचा इतका मोठा संग्रह त्या काळी अन्यत्र क्वचितच होता.

या कामाला घरातील एका घटनेचीही जोड होती. १९०० च्या सुमारास जॉस्लिन यांच्या आईला मधुमेह असल्याचे निदान झाले. मुलाने आखून दिलेले पथ्य त्यांनी काटेकोरपणे पाळले आणि निदानानंतर त्या दहा वर्षांहून अधिक काळ जगल्या. त्यांचीही नोंद इतर रुग्णांप्रमाणेच नोंदवहीत करण्यात आली. शिस्तशीर रुग्ण दीर्घकाळ जगू शकतो, या जॉस्लिन यांच्या विश्वासाला या अनुभवाने बळ दिले.

इन्सुलिनपूर्व काळातील उपचार

१९०८ पासून जॉस्लिन यांनी बॉस्टन येथील कार्नेगी पोषण प्रयोगशाळेचे संचालक फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्याबरोबर मधुमेहातील चयापचयाचे संशोधन केले. मधुमेही रुग्णाचे शरीर किती प्राणवायू वापरते, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते आणि अन्नातील ऊर्जेचा विनियोग कसा करते, याची मोजमापे या संशोधनात घेण्यात आली. त्याचे निष्कर्ष १९१० व १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर व प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ यांची जोडी जमवण्याचा जॉस्लिन यांचा हा पहिला मोठा प्रयत्न होता.

याच दशकात न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेतील फ्रेडरिक ॲलन यांनी मधुमेहावर अल्पाहाराचा उपचार मांडला. लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे आणि त्यानंतर त्याचा आहार अत्यंत कमी प्रमाणात वाढवायचा, असे त्याचे स्वरूप होते. जॉस्लिन यांनी ही पद्धत स्वीकारली व तिचा प्रसार केला. प्रौढ रुग्णांपैकी अनेकांना तिचा लाभ झाला. लहान मुलांच्या बाबतीत मात्र तिचे रूप भयानक होते. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ती मुले पथ्य सोडल्यास बेशुद्ध होऊन काही आठवड्यांत दगावत आणि पथ्य पाळल्यास हाडांचा सापळा होऊन काही महिने किंवा एखाद-दोन वर्षे तग धरत. एखादा नवा उपाय सापडेपर्यंत त्यांना जिवंत ठेवणे एवढाच या उपचाराचा अर्थ होता. हा उपाय कधी सापडेल, हे कोणालाही ठाऊक नव्हते.

जॉस्लिन यांचा मधुमेहाच्या उपचारांवरील ग्रंथ १९१६ मध्ये प्रकाशित झाला. तो स्वतः पाहिलेल्या १,००० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला होता. दोन वर्षांनी, १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टर व रुग्ण या दोघांसाठी एक पुस्तिका लिहिली. रुग्णाच्या हाती त्याच्या आजाराचे पुस्तक देणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. दोन्ही पुस्तकांच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. पहिल्या महायुद्धात जॉस्लिन यांनी अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलातही सेवा केली.

प्रतिबंधाचा विचार

१९२१ मध्ये जॉस्लिन यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात मधुमेहाच्या प्रतिबंधावर लेख लिहिला. न्यू इंग्लंडमधील एका खेड्यातील रस्त्यावर शेजारी शेजारी असलेल्या तीन घरांचे उदाहरण त्यांनी त्यात दिले. या घरांत राहण्यास आलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण कालांतराने मधुमेहाने मरण पावले होते. हे मृत्यू विषमज्वरासारख्या साथीने झाले असते, तर सारी आरोग्य यंत्रणा त्या गल्लीत धावून गेली असती. मधुमेहाचे मृत्यू मात्र वेगवेगळ्या वर्षी झाल्याने कोणाच्या लक्षातही आले नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. लठ्ठपणा व मधुमेह यांचा संबंध त्यांनी आपल्या नोंदींच्या आधारे दाखवला. मधुमेहाकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या सुरुवातीच्या लेखांत या लेखाची गणना होते.

इन्सुलिनचे आगमन

कॅनडातील टोरांटो विद्यापीठात १९२१-२२ मध्ये फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅक्लिऑड व जेम्स कॉलिप यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिन हाती आले. ३० डिसेंबर १९२१ रोजी न्यू हेवन येथील परिषदेत या संशोधनाची माहिती प्रथम देण्यात आली, तेव्हा जॉस्लिन श्रोत्यांत उपस्थित होते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनची पहिली सुई देण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकेतील काही निवडक डॉक्टरांना चाचणीसाठी इन्सुलिन पुरवण्यात आले. त्यांत जॉस्लिन यांचा समावेश होता.

७ ऑगस्ट १९२२ रोजी जॉस्लिन यांच्या देखरेखीखाली बॉस्टनमधील पहिल्या रुग्णाला इन्सुलिन देण्यात आले. ही रुग्ण स्वतः परिचारिका होती. पाच वर्षांच्या आजारात तिचे वजन निम्म्याहून खाली येऊन सुमारे ३१ किलोग्रॅमवर आले होते. इन्सुलिन सुरू झाल्यावर तिची प्रकृती सुधारत गेली आणि त्यानंतर ती दोन दशकांहून अधिक काळ जगली. उपासमारीच्या पथ्यावर कसाबसा जीव धरून राहिलेली मुले काही आठवड्यांत भरलेल्या अंगाची होताना जॉस्लिन यांनी पाहिली. धार्मिक वृत्तीच्या जॉस्लिन यांना या दृश्याने बायबलमधील सुकलेल्या हाडांना पुन्हा प्राण मिळाल्याच्या कथेची आठवण झाली.

तथापि इन्सुलिनमुळे आपले काम संपले, असे त्यांनी मानले नाही. सुई दिवसातून अनेकदा घ्यावी लागे. मात्रा जास्त झाली तर रक्तातील साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडे. कमी झाली तर साखर वाढत जाई. हे गणित रोज, घरी, रुग्णानेच सांभाळायचे होते. औषध टोरांटोहून आले, परंतु ते वापरण्याची व्यवस्था प्रत्येक ठिकाणी नव्याने उभारावी लागणार होती. जॉस्लिन यांच्या पुढील ४० वर्षांच्या कामाचा हाच गाभा होता.

केंद्राची उभारणी

जॉस्लिन यांचे कार्यालय बॉस्टनमधील ८१, बे स्टेट रोड येथील त्यांच्या निवासस्थानी होते. रुग्णांना दाखल करण्यासाठी न्यू इंग्लंड डिकनेस हॉस्पिटल या रुग्णालयाचा उपयोग होई. या दोन जागांच्या आधारे त्यांनी हळूहळू सहकाऱ्यांचा गट जमवला व प्रत्येकाकडे मधुमेहाचे एकेक अंग सोपवले.

हॉवर्ड रूट हे त्यांचे दीर्घकाळचे साथीदार होते. प्रिसिला व्हाइट १९२४ मध्ये गटात आल्या. त्यांनी बालमधुमेही व गर्भवती रुग्णांची जबाबदारी घेतली. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी मधुमेही मातांच्या गर्भांपैकी निम्म्याहून थोडे अधिकच वाचत. १९७४ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तोवर हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले होते. गर्भवती मधुमेही रुग्णांचे त्यांनी १९४९ मध्ये केलेले वर्गीकरण जगभर वापरले गेले. अलेक्झांडर मार्बल यांच्याकडे प्रामुख्याने संशोधनाची बाजू होती. शल्यचिकित्सक लेलंड मॅकिट्रिक यांनी मधुमेहींच्या शस्त्रक्रियांत, विशेषतः पायांच्या जखमा व गँगरीनच्या उपचारांत, प्रावीण्य मिळवले. विकृतिशास्त्रज्ञ शील्ड्स वॉरन यांनी मृत रुग्णांच्या अवयवांची तपासणी करून मधुमेहामुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. अशा रीतीने एकाच रुग्णाचे डोळे, पाय, मूत्रपिंडे व बाळंतपण यांविषयीची माहिती एकाच नोंदीत येऊन मिळू लागली.

या व्यवस्थेत परिचारिकांचे स्थान महत्त्वाचे होते. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांचे वर्ग भरत. सुई कशी घ्यावी, अन्न कसे तोलावे, पायांची निगा कशी राखावी आणि लघवी कशी तपासावी, हे त्यांना प्रात्यक्षिकासह शिकवले जाई. लघवीच्या तपासणीसाठी निळ्या रंगाच्या बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे काही थेंब टाकून ते उकळत. साखर नसेल तर रंग निळाच राही आणि साखरेच्या प्रमाणानुसार तो हिरवा, पिवळा, नारिंगी व विटकरी होत जाई. (हे द्रावण स्टॅन्ली बेनेडिक्ट यांच्या नावाने ओळखले जाते. जॉस्लिन यांचे सहकारी फ्रान्सिस बेनेडिक्ट हे त्यांच्याहून वेगळे.) याखेरीज जॉस्लिन यांनी फिरत्या परिचारिकांची पद्धत सुरू केली. या परिचारिका रुग्णाच्या घरी जाऊन काही दिवस राहत आणि त्याच्याच स्वयंपाकघरात कुटुंबाला नवा आहार व इन्सुलिनचा वापर शिकवत. आज मधुमेह-शिक्षक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायाची सुरुवात या परिचारिकांच्या कामात शोधली जाते.

नोंदींचे विश्लेषण करण्यासाठी जॉस्लिन यांनी आयुर्विमा क्षेत्राची मदत घेतली. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन व हर्बर्ट मार्क्स यांच्याबरोबर त्यांनी १९३० च्या दशकात अनेक शोधनिबंध लिहिले. इन्सुलिनपूर्व काळात मधुमेहींच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू मधुमेहजन्य बेशुद्धीने होत असत. इन्सुलिननंतर हे प्रमाण झपाट्याने घटले, पण हृदय, रक्तवाहिन्या व मूत्रपिंडे यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढले, असे नोंदींवरून दिसून आले. म्हणजे इन्सुलिनने रुग्णांना आयुष्य दिले आणि त्या वाढलेल्या आयुष्यात मधुमेहाचे दुसरे, संथ रूप प्रकट झाले. वीस-पंचवीस वर्षांच्या सलग नोंदी नसत्या, तर हा बदल इतक्या स्पष्टपणे पुढे आला नसता.

१९३४ मध्ये डिकनेस रुग्णालयात बँकर जॉर्ज एफ. बेकर यांच्या नावाचे चिकित्सालय सुरू झाले. मधुमेहींचे उपचार, शिक्षण व संशोधन यांना त्यामुळे हक्काची जागा मिळाली. डेन्मार्कचे हान्स क्रिश्चन हागेडोर्न यांनी प्रोटामिन मिसळून दीर्घकाळ परिणाम करणारे इन्सुलिन तयार केले, तेव्हा जॉस्लिन यांच्या गटाने त्याच्या वापराचा अनुभव १९३६ मध्येच प्रसिद्ध केला. शिकवलेले व नियमित संपर्कात असलेले रुग्ण तयार असल्यानेच नव्या औषधाची पारख इतक्या लवकर करणे शक्य झाले.

मुलांसाठी शिबिरे

जॉस्लिन यांच्या जन्मगावाजवळच नॉर्थ ऑक्सफर्ड येथे अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन यांचे जन्मस्थान आहे. त्या परिसरात १९३२ मध्ये मधुमेही मुलींसाठी उन्हाळी शिबिर सुरू झाले. त्यामागे जॉस्लिन यांची प्रेरणा होती. मुलांसाठीचे शिबिर १९४८ मध्ये जवळच्या चार्लटन येथे सुरू झाले. शाळेत व शेजारात आपल्यासारखे दुसरे कोणीच नसल्याने एकटी पडलेली मुले येथे एकत्र येत, पोहत, खेळत आणि आपली सुई आपणच घेण्यास शिकत. खेळामुळे इन्सुलिनची गरज किती कमी होते, हे डॉक्टरांनाही तेथे प्रत्यक्ष पाहता येई.

आहार, इन्सुलिन व व्यायाम हे मधुमेहाच्या रथाचे तीन घोडे असून रुग्ण हा त्यांचा सारथी आहे, असे रूपक जॉस्लिन नेहमी वापरत. दीर्घकाळ मधुमेह असूनही गुंतागुंतीपासून मुक्त राहिलेल्या रुग्णांना १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विजयपदक देण्यास सुरुवात झाली. 

ऑक्सफर्डची पाहणी

१९४६-४७ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने जॉस्लिन यांचे जन्मगाव ऑक्सफर्ड येथे मधुमेहाची पाहणी केली. ह्यू विल्करसन व लिओ क्रॉल यांनी केलेल्या या पाहणीत गावातील ४,९८३ रहिवाशांपैकी ३,५१६ जणांची लघवी व रक्त तपासण्यात आले. त्यांत ७० मधुमेही आढळले. त्यांपैकी ४० जणांना आपल्या आजाराची कल्पना होती. ३० जणांना मात्र पाहणीतच ती प्रथम मिळाली. दर चार ज्ञात रुग्णांमागे तीन अज्ञात रुग्ण असतात, हे प्रमाण त्यातून पुढे आले. दवाखान्यात येणाऱ्यांच्या नोंदी कितीही काटेकोर असल्या, तरी दवाखान्यापर्यंत न पोहोचलेल्यांचा पत्ता त्यांतून लागत नाही, हेही या पाहणीने स्पष्ट केले.

रक्तशर्करेच्या नियंत्रणाविषयीचा वाद

१९४० च्या दशकात अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञांत तीव्र मतभेद झाले. न्यूयॉर्कचे एडवर्ड टोलस्टॉय व त्यांच्या विचाराचे डॉक्टर मोकळ्या आहाराचे समर्थन करत. रुग्णाला बरे वाटत असेल व त्याचे वजन टिकून असेल, तर लघवीत साखर जाण्याने काही बिघडत नाही. अन्न तोलत बसण्याने रुग्णाचे जिणे मात्र कष्टाचे होते, असे त्यांचे म्हणणे होते. जॉस्लिन यांना हे मान्य नव्हते. साखर सतत वाढलेली राहिल्यास तिची किंमत पंधरा-वीस वर्षांनी डोळे व मूत्रपिंडे यांच्या रूपाने मोजावी लागते, असे ते आपल्या नोंदींच्या आधारे सांगत.

दोन्ही बाजूंकडे निर्णायक पुरावा नव्हता. जॉस्लिन यांच्या शिस्तशीर रुग्णांना कमी गुंतागुंत होत असे. परंतु त्यांचा मधुमेहच मुळात सौम्य असावा, असा आक्षेप घेता येत होता. हा वाद जॉस्लिन यांच्या हयातीत मिटला नाही. पुढे १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडातील २९ केंद्रांत १,४४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्या केंद्रांत जॉस्लिन केंद्राचाही समावेश होता. रक्तशर्करेचे काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्के, मूत्रपिंडाच्या विकाराचा ५० टक्के व मज्जातंतूंच्या विकाराचा ६० टक्के कमी झाल्याचे आढळले.

अखेरची वर्षे

जॉस्लिन हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात दीर्घकाळ अध्यापन करत होते. १९४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मधुमेह संघटनेचे ते मानद अध्यक्ष होते. १९५२ मध्ये त्यांच्या गटाला जॉस्लिन चिकित्सालय असे औपचारिक रूप देण्यात आले. संशोधन व शिक्षणासाठी निधी उभारण्याकरिता स्वतंत्र प्रतिष्ठानही स्थापन झाले. १९५६ मध्ये चिकित्सालय डिकनेस रुग्णालयाजवळील नव्या इमारतीत गेले. एका डॉक्टरच्या घरातून चाललेले काम अशा रीतीने त्याच्या पश्चात टिकू शकेल, अशा संस्थेत रूपांतरित झाले.

उतारवयातही जॉस्लिन यांनी रुग्ण पाहणे थांबवले नाही. २८ जानेवारी १९६२ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी ब्रुकलाइन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर रूट, मार्बल व इतर सहकाऱ्यांनी संस्थेची धुरा सांभाळली.

मूल्यमापन

जॉस्लिन यांच्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. त्यांच्या लेखनात वैद्यक व नीतिशिक्षण यांची सरमिसळ आढळते. पथ्य पाळणारा रुग्ण सद्गुणी आणि न पाळणारा दोषी, असा सूर त्यात अनेकदा उमटतो. प्रामाणिकपणे पथ्य पाळूनही डोळे गमावलेल्या रुग्णाच्या वाट्याला आजाराबरोबरच अपराधीपणाही येत असे. दिवसातून तीन-चार वेळा लघवी तपासणे, प्रत्येक घास तोलणे आणि तज्ज्ञांचा सल्ला घेत राहणे सर्वांच्या आवाक्यातील नव्हते. इन्सुलिनपूर्व काळात मुलांवर लादलेल्या उपासमारीचे मूल्यमापनही अभ्यासक वेगवेगळ्या प्रकारे करतात. त्या पथ्यामुळे काही मुले इन्सुलिन येईपर्यंत जगली, तर अनेकांचे उरलेले दिवस केवळ भुकेत गेले.

मात्र, जॉस्लिन यांच्या मतांची परीक्षा घेण्यासाठी लागणारी सामग्री मुख्यतः त्यांनीच जतन केली, याबद्दल अभ्यासकांत एकमत आहे. वैद्यकाच्या इतिहासकारांनी जॉस्लिन चिकित्सालयाच्या जुन्या नोंदी व पत्रव्यवहार यांच्या आधारे, इन्सुलिनने एका जीवघेण्या रोगाचे दीर्घकालीन आजारात कसे रूपांतर केले, याचा अभ्यास केला आहे.

वारसा

जॉस्लिन यांच्या पश्चातही केंद्रातील संशोधन रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींना धरूनच चालू राहिले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम बीथम व लॉइड आयेलो यांनी दृष्टिपटलाच्या मधुमेहजन्य विकारावर लेसर किरणांचा उपचार येथे विकसित केला. त्यामुळे असंख्य रुग्णांची दृष्टी वाचली. १९७० पासून ५० वर्षे इन्सुलिनवर जगलेल्या रुग्णांना पदके देण्यात येऊ लागली. या पदकप्राप्त रुग्णांचा पुढे स्वतंत्र अभ्यास करण्यात आला. अर्धशतकानंतरही त्यांतील काहींच्या शरीरात थोडे इन्सुलिन तयार होत असल्याचे त्यात आढळले. १९१६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला जॉस्लिन यांचा ग्रंथ त्यांच्या नावाने पुढेही अद्ययावत होत राहिला.

भारतीय संदर्भ

मधुमेहाचे वर्णन चरक व सुश्रुत यांच्या संहितांत आढळते. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतातही या आजारासाठी स्वतंत्र व्यवस्था उभ्या राहू लागल्या. मद्रास (आताचे चेन्नई) येथील स्टॅन्ली रुग्णालयात एम. विश्वनाथन यांनी १९४८ मध्ये मधुमेहींसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, तर मुंबईत १९५५ मध्ये भारतीय मधुमेह संघटनेची स्थापना झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपल्याला हा आजार आहे याची कल्पना नसलेले रुग्ण शोधणे आणि निदान झालेल्यांना वर्षानुवर्षे उपचारांत टिकवून ठेवणे हे जॉस्लिन यांच्या काळातील प्रश्न आजही कायम आहेत.